ओल्या रंगाची पाटी

मार्लिसनं ब्रश हिरव्या रंगात बुडवला आणि पाटीवरचं शेवटचं अक्षर नीट भरून घेतलं. 'सेंद्रिय शेत. फवारणी करू नका.' बांधावर बावीस वर्षं ऊनपाऊस खाऊन पाटी पार विटली होती. शनिवारी शिवारफेरीला माणसं येणार, तेव्हा नवऱ्याची, ऑरिनची पाटी अशी कळाहीन दिसायला नको, म्हणून तिनं ती खांबावरून उतरवून कोठारात आणली. रंग नेमका संपलेला. तो आणायला काल तिला शहरात जावं लागलं.

ऑरिन फेब्रुवारीत गेला. जाण्याआधी त्यानं शेतकरी संघटनेच्या वार्तापत्राला कळवून ठेवलं होतं, आणि 'बातम्या आणि येते कार्यक्रम' या पानावर ते छापूनही आलं: ऑरिन टॉलफसन यांच्या शेतावर फुलोऱ्यातली राय आडवी पाडण्याचं प्रात्यक्षिक. गव्हासारखं हे उंच पीक ऐन फुलोऱ्यात असताना त्यावर रूळ फिरवला, की त्याची जमिनीवर गादी होते. तिच्यातच सोयाबीन पेरायचं, मग तणाला डोकं वर काढता येत नाही. कार्यक्रम रद्द करू का, असं संघटनेच्या ब्रिजेटनं विचारलं होतं. मार्लिस नाही म्हणाली. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं पेरलेलं हे शेवटचं पीक होतं. ते त्याच्या पद्धतीनं आडवं पडलेलं तिला बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

बाहेर ट्रक थांबला. शेजारचा ड्वेन हेगी हातात झाकलेलं भांडं घेऊन आत आला.

“आमच्या कॅरलनं आंबटगोड रुबार्बचा केक पाठवलाय. सगळा खा म्हणाली, वाळून चिपाड झालीयस.”

“तिला म्हणावं, आधी स्वतःकडे बघ.”

ड्वेन हसला, पण बसला नाही. टोपी काढून हातात फिरवत राहिला. इकडे एखादा शेतकरी गेला की शेजारी आपापली यंत्रं घेऊन येतात आणि स्वतःच्या आधी त्याचं रान पेरून देतात. एप्रिलमध्ये सगळे आले होते. त्यांची रासायनिक औषधं या जमिनीला चालत नाहीत म्हणून मार्लिसनं त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. ड्वेनला ते फार लागलं होतं.

“एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “रायची काळजी सोड आता. काल तू नव्हतीस, वाराही पडला होता. मारून टाकलं मी तिच्यावर तणनाशक.”

मार्लिसचा ब्रश हातातच राहिला.

“पाटी काढलेली दिसली. म्हटलं, सुटली बाई एकदाची ऑरिनच्या हट्टातून! विचारणार होतो, पण तुला उगाच रडू यायचं. आठवड्याभरात राय वाळेल, मग सोयाबीन पेरून देतो. आणि पैशाबिशाचं नाव काढायचं नाही.”

ऑरिनच्या शेताला हा माणूस 'तणांचं म्युझियम' म्हणायचा. पण इतक्या वर्षांत वारा जरा फिरला तरी पाटीपाशी येऊन फवारा बंद करायचा. एक थेंब इकडे येऊ दिला नव्हता. आणि आता नियमानं तीन वर्षं या जमिनीला सेंद्रिय म्हणता येणार नव्हतं. मार्लिस चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिला ओरडावंसं वाटलं, ते भांडं त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. ऑरिनच्या शवपेटीला खांदा देताना त्याचा चेहरा असाच हळवा झाला होता.

तिनं चटकन पाटी उलटी केली आणि कपाटाला टेकवून ठेवली.

“काय रंगवतेस?”

“जुनं लाकूड आहे. टाकवत नाही.”

“चुकलं नाही ना गं माझं?”

“नाही रे. ऑरिन होता तेव्हा म्हणायचाच, शेजारी असावा तर असा.”

ड्वेननं टोपी डोक्यावर चढवली, डोळे पुसले आणि गेला.

मार्लिस दारात आली. राय वाऱ्यावर डोलत होती, हिरवीगार. तिला अजून काही कळलंच नव्हतं. दाराची चौकट धरून मार्लिस पोटभर रडली.

फोन वाजला. ब्रिजेट होती.

“काकू, खूप माणसं येतायत! गाड्या कुठे लावायच्या?”

“कोठारामागे. आणि ब्रिजेट, फुलोऱ्यातली राय काढून टाक जाहिरातीतून. राय मेली.”

“अगं बाई! कशानं?”

“माझ्यामुळे. कार्यक्रम होऊ दे. लिही, सेंद्रिय शेती पहिल्यापासून कशी सुरू करायची.”

“पण शिकवणार कोण? ऑरिनकाका तर...”

“येतील ते शिकवतील. मला शिकायचंय.”

फोन ठेवून तिनं पाटी वळवली. ओला रंग कपाटाला लागून अक्षरं फिसकटली होती. तिनं ती चिंधीनं पुसली आणि पुन्हा ब्रश घेतला. शनिवारच्या आत पाटी लावायला हवी होती, पण ड्वेनला दिसणार नाही अशी कुठे लावायची, ते तिला सुचेना. त्या दोन शेतांमधल्या बांधावर दुसरं कुणी फिरकतच नव्हतं. पाटी त्याच्यासाठीच तर होती.