धुतलेली रंगफळी

मित्रांनो, आज माझ्या अंगावर एकही डाग नाही. पाहुणे मला बघून म्हणतात, "किती जपलीय!" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी थावरा पेंटरची रंग कालवायची जुनी फळी, रंगफळी आहे.

सेनगावकडच्या तांड्यावरच्या एका मोडक्या बैलगाडीची मी फळी. अंगठ्यापुरतं भोक पाडून थावरानं मला घडवलं. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवी आणि उरलेल्या वेळात हिंगोलीच्या रस्त्यावर बसून रस्ताच रंगवी. मंडईतली भांडणं, प्रवाशांना हाका मारणारे जीपवाले, उसाच्या चोथ्याभोवती जमलेली गाढवं, सगळी माझ्यावरूनच कापडावर गेली. चाळीस वर्षांत माझ्यावर रंगांचे थर चढले.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं धुवून पुजतात. थावरा मात्र मला तशीच पाटावर मांडी.

"समदं जग हत्यारं धुतंय. तुमचंच हे मेलं कळकट!" त्याची बायको शकुंतलाबाई कुरकुरे.

"त्याच्यात गाव हाय माझं," तो हसे.

"गावातली गाढवं बी तुमच्या चित्रात हायेत. मी तेवढी न्हाई!"

अखेर यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं तिचं चित्र काढलं. बांगड्यांच्या गाड्यासमोर हात पुढे करून बसलेली. अंगावर लग्नातलं लुगडं हवं होतं, पण ते कधीच गोधडीत जाऊन विरलेलं. आठवून आठवून दोन दिवस तो माझ्या कोपऱ्यात रंग कालवत राहिला. जुळला तेव्हा पिकल्या जांभळाच्या गरासारखा दिसला. "उद्या भरतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली आणि नांदेडच्या दवाखान्यातून तो परतलाच नाही. लुगडं कोरं राहिलं. रंग माझ्यावर वाळला.

दसऱ्याला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. त्याची शिष्या पूजा सांगून गेली, "काकू, काकांचं सामान घेऊन या."

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. शकुंतलाबाई मला मांडीवर घेऊन बसली. "एवढे लोक येणार. म्हणतील, बाईनं धन्याचं हत्यार बी धुतलं न्हाई." तिनं थिनर ओतलं आणि काथ्यानं मला मायेनं घासत राहिली. मला ओरडता येत नव्हतं.

सभागृहात पूजानं मला उलटसुलट करून पाहिलं. "काकू, इथला जांभळा रंग? त्याच्यावरून जुळवून मी तुमचं लुगडं भरणार होते."

शकुंतलाबाईनं माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "मीच धुतला की गं."

"तुम्हाला आठवतो का तो?"

"डोळ्यापुढं हाय बाई. सांगता येत न्हाई."

"मग अंदाजानं भरू?"

"नको. त्यायनी दोन दिस घातले त्याच्यात. राहू दे कोरं."

मित्रांनो, माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू जरूर जपा. पण घासायला बसण्याआधी त्यांच्यावर त्यानं काय ठेवून दिलंय, ते एकदा कुणाला तरी विचारा.

आता मी त्या चित्राखाली मांडलेली आहे. येणारे विचारतात, "ही पांढऱ्या लुगड्यातली बाई कोण?"

शकुंतलाबाई शेजारीच उभी असते. ती पदरानं मला पुन्हा एकदा पुसते.