पळता पळता तोंडी परीक्षा

वर्गात सगळे तिला डुलकी म्हणायचे, कारण उष्मागतिकीच्या तासाला ती हमखास पेंगायची. वर्कशॉपमध्ये मात्र तिची झोप कुठल्या कुठे पळायची. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला तिने प्रोजेक्ट म्हणून एकाच माणसाची चारचाकी बनवली. सांगाडा स्वतः वेल्ड केला, इंजिन भंगारातल्या मोपेडचं बसवलं. ते मेलं तीन आठवडे सुरूच होईना.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई दिसायलाच कडक. मैदानावर त्यांनी गाडी चहूबाजूंनी न्याहाळली आणि "सीट नीट बसवलीय का बघू," म्हणत सरळ आत बसल्या. डुलकीने आपली उगाच एक किक मारली. इंजिन खोकलं, फटफटलं, आणि गाडी बाईंना घेऊन सुटलीच!

"ब्रेक दाबा, मॅडम!" प्रोजेक्टचे सर ओरडले.

"दाबलाय!"

ॲक्सिलरेटर अडकला होता. त्याच्यापुढे त्या बापड्या ब्रेकचं काय चालणार? नशीब, गाडीचा वेग पळणाऱ्या माणसाइतकाच होता. डुलकीने ओढणी कमरेला खोचली, धावत गाडी गाठली आणि वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. गाडी चालूच!

"अगं, थांबत का नाही ही?" बाई स्टिअरिंग वळवत म्हणाल्या.

"कार्ब्युरेटरच्या... वाटीत... थोडं उरलंय!"

"किती पुरेल?"

"दोन फेऱ्या!"

"मग तोवर तोंडी घेऊन टाकू. ॲक्सिलरेटर का अडकला?"

"केबलला... फार आखूड वळण दिलंय. तार आत घासते!"

"उपाय?"

"मोठं वळण... आणि स्प्रिंग जरा कडक!"

कडेला पोरं शिट्ट्या मारत होती. सर डोक्याला हात लावून बसले होते. बाईंचा अंबाडा सुटला, तरी वळणं मात्र त्या झोकात घेत होत्या. अडीच फेऱ्यांनी इंजिन आचके देत थांबलं. डुलकी गवतावर आडवी झाली. आता नापास, असं मनात येत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

"दोन म्हणाली होतीस," बाई म्हणाल्या.

"तुमचं वजन... जास्त धरलं होतं, मॅडम."

बाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत विचारलं, "केबल बदलायला किती वेळ?"

"पाऊण तास."

"बदल. मी थांबते. पास तर तू झालीसच, पण या वेळी फेरी मला मनापासून मारायचीय."

आणि त्यांनी ती मारली. एक नाही, चांगल्या चार!