भिंतीजवळचा तिसरा

ऑफिसात मला सगळे झाकणकर म्हणतात. माझं आडनाव वेगळं आहे, पण युद्ध सुरू झाल्यापासून पेपरात छापायच्या प्रेतांचे चेहरे कॉम्प्युटरवर धूसर करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मी रागावत नाही. चिडवणाऱ्यांपैकी एकालाही ते फोटो दोन मिनिटं बघवत नाहीत.

मलाही बघवत नाहीत, म्हणून मी एक युक्ती काढली आहे. चेहरा इतका मोठा करायचा, की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन उरतात. मग त्यांच्यावरून ब्रश फिरवायचा. दुपारचं जेवण नीट जातं.

परवा भिंतीजवळ पडलेल्या पाच सैनिकांचा फोटो आला. छापायचा की नाही यावर बैठकीत तासभर काथ्याकूट झाला. संपादक म्हणाले, युद्ध म्हणजे काय ते लोकांना कळलंच पाहिजे. जाहिरातवाले म्हणाले, कळू दे, पण सकाळच्या चहाबरोबर नको. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं, की छापा, मी चेहरे झाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांना ते पटलं आणि मी दिवसभर ताठ मानेनं फिरलो.

काल सकाळी आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या मावशी पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचा मुलगा आघाडीवर आहे आणि अठरा दिवसांत त्याचा फोन नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोटोतल्या तिसऱ्या माणसाच्या कोपरावर बोट ठेवलं. जाकिटाला ठिगळ होतं. तसंच ठिगळ त्यांनी मुलाला लावून दिलं होतं. पण ठिगळं काय, सगळ्याच आया लावतात, असंही त्याच म्हणाल्या. त्यांना फक्त चेहरा बघायचा होता.

दाखवतो म्हणून मी मूळ फोटो शोधायला लागलो, पण तो सापडेना. घाईघाईत मी झाकलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला होता. नवशिकासुद्धा करणार नाही अशी चूक, वीस वर्षांच्या नोकरीनंतर. संपादकांनी फोटो पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावला. तक्रारी आल्या म्हणून त्यांनी तो मागे घेऊन पुसून टाकला होता. फोटोग्राफर फोन उचलत नव्हता. सैन्याच्या कार्यालयातून उत्तर आलं, काही समजलं तर कळवू. संपादकांनी हात टेकले आणि ते आपल्या केबिनमध्ये जाऊन बसले.

मावशी तिथेच उभ्या होत्या. "पण दादा, तुम्ही तर बघितलंय ना त्याला? हनुवटीवर खळी होती का?"

मी खूप आठवून पाहिलं. तपकिरी चौकोन आठवले, काही लाल.

"नाही बघितलं, मावशी." जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

"मग जसं झाकलंत तसं उघडा."

तसं होत नाही, हे मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फडका बादलीवर टाकला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. चौथ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी फोटो उघडला, तिसरा चेहरा मोठा केला आणि काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून त्यावर माउस फिरवायला लागलो. किती वेळ ते कळलं नाही. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मग त्या एकदम पुढे वाकल्या. "थांबा. येतंय बघा. हे नाक त्याचंच."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पडद्यावर काडीचाही फरक पडला नव्हता.

"नाही, नाही," जरा वेळानं त्यांनी श्वास सोडला. "त्याचं एवढं बसकं नाही." आणि मग पुन्हा पडद्याला डोळे लावून, अगदी हळू म्हणाल्या, "अजून थोडं उघडा, दादा."

मी माउस फिरवत राहिलो.