ड्रायव्हर बदलल्याने कार्ड जळते काय?

समितीपुढे प्रश्न एकच होता आणि तो टाइप होऊन आला होता: 'ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलल्याने कार्ड तापून कायमचे निकामी होऊ शकते काय? असल्यास जबाबदार कोण?' समितीचा अध्यक्ष मी. माझ्या निवडीची दोन कारणं आदेशात दिली होती. एक, ज्येष्ठता. दोन, प्रस्तुत प्रकरणाशी संबंध नसणे. पहिलं कारण खरं होतं.

मी विद्याधर, मूळचा सांगलीचा. बंगळूरला एका सरकारी कारखान्यात बावीस वर्षं पंप बनवत होतो, म्हणजे पंपांची चित्रं काढत होतो. १९९८ साली डिझाइन विभागाचा प्रमुख झालेलो होतो. आमच्या विभागात एकच संगणक असा होता की ज्याच्या पडद्यावर पंपातलं पात्यांचं चक्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येई. तो वल्लरीच्या ताब्यात होता. वल्लरी पुण्याहून आलेली, नोकरीला अकरा महिने झालेली, प्रोबेशनवर. वर्ष भरलं की कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं.

हे चक्र एकदा पूर्ण फिरायला चार मिनिटं लागत. संगणकाचा स्वभावच तसा असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वल्लरीने तसं धरलं नाही. ती खणत बसली आणि तिला सापडलं की पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला कामं सांगणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो जुना होता आणि कार्डाला कसलंच काम सांगत नव्हता. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर. कार्ड आल्या दिवसापासून नुसतं बसून होतं. आमच्या कारखान्यात याचं कोणालाही नवल वाटलं नाही. वल्लरीने मात्र कार्डाच्या कंपनीला लिहून नव्या ड्रायव्हरची सीडी मागवली.

सीडी आली आणि पाठोपाठ खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि ती आमच्यापेक्षा शंभरपटीने करतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी लेथपासून ट्रॉलीपर्यंत प्रत्येक वस्तूला कुंकू आणि शेवंतीची माळ, फाटकावर कोहळा फोडायचा, मग चुरमुरे. मी काही फार देवभोळा नाही. पण एखादी गोष्ट अर्धवट केलेली मला बघवत नाही, हा माझा जुना रोग आहे. आमचा तंत्रज्ञ मंजुनाथ संगणकाच्या पेटीला बाहेरून माळ बांधत होता. मी म्हटलं, "अरे, हा नुसता पत्रा आहे. लेथला कुंकू लावतोस ते लेथला लावतोस की त्याच्यावरच्या ताडपत्रीला? पूजा यंत्राची करायची."

मंजुनाथने स्क्रूड्रायव्हर आणून दिला. मी स्वतः पेटी उघडली, आत कुंकवाचं बोट टेकवलं आणि कार्डावर शेवंतीची वीतभर माळ ठेवली. कार्डाच्या खालच्या अंगाला एक छोटा पंखा होता, तोही मला त्या दिवशी फार गोजिरवाणा वाटला. मग पेटी बंद केली. दसरा आणि गांधी जयंती लागून आल्या होत्या. सोमवारी आलो तेव्हा बाहेरच्या सगळ्या माळा मंजुनाथने काढलेल्या होत्या. आतली काढायची हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि ती तर मीच ठेवली होती.

त्याच सकाळी वल्लरीने नवा ड्रायव्हर टाकला. मला विचारलं नाही, कारण मी मीटिंगमध्ये होतो आणि तिला धीर नव्हता. परत येतो तो सगळा विभाग तिच्या टेबलाभोवती. पंपाचं चक्र पडद्यावर गरागरा फिरत होतं. बावीस वर्षं मी ते चक्र कागदावर काढत आलो, पण त्याचं प्रत्येक पातं असं वळताना पहिल्यांदा पाहिलं. मी तिच्या हातातून माउस घेतला आणि अर्धा तास सोडला नाही. बारा वाजण्याच्या सुमारास पडद्यावर रंगीत पट्टे आले, मग पडदा काळा झाला, मग वास आला. इतरांना जळक्या प्लास्टिकचा आला. माझं नाक तिखट आहे; मला शेवंतीचाही आला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेल्यावर मी पेटी उघडली. माळेचा दोरा पंख्याच्या आसाभोवती घट्ट गुंडाळला गेला होता आणि पाकळ्या तपकिरी होऊन चिकटल्या होत्या. मी नखांनी सगळं सोडवलं, रुमालात बांधलं आणि फाटकाबाहेरच्या कचराकुंडीत टाकून आलो. हे मी का केलं, याबद्दल माझ्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. डिसेंबरात माझी बढती होती.

संध्याकाळपर्यंत वरून कागद निघाला: प्रोबेशनवरील कर्मचाऱ्याने विनापरवानगी ड्रायव्हर बदलल्याने कार्ड जळाले, चौकशी व्हावी. आणि चौकशीला मी.

गुरुवारी समिती बसली. माझ्याबरोबर अर्थ विभागाचे सत्यनारायणराव होते. तिसरे सदस्य रजेवर गेले आणि समितीचं काम संपेपर्यंत रजेवरच राहिले. सत्यनारायणरावांचं घराणं सात पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं आहे की सुरुवातीला मला त्यांच्याशी इंग्रजीच सोपं वाटे. माणूस प्रेमळ. त्यांनी वल्लरीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मला एवढंच सांग अम्मा," ते म्हणाले, "जुना ड्रायव्हर होता तंवर कार्ड जळालं का?"

"नाही सर."

"नवा टाकलीस आणि जळालं. सरी? बरोबर ना?"

"हो सर, पण म्हणून ड्रायव्हरनं जळालं असं होत नाही." तिने वही उघडली. तिच्यात आकृती काढलेली होती. "नवा ड्रायव्हर कार्डाला जास्त काम देतो. जास्त काम म्हणजे ते जास्त तापणार, हे खरंय. पण तेवढं तापणार हे धरूनच तर कंपनीनं त्याच्यावर पंखा बसवलाय. पंखा चालू असेल तर ते गरम होईल, जळणार नाही. जळलंय याचा अर्थ पंखा बंद होता. तो फिरत होता का, हे कोणी पाहिलंय?"

सत्यनारायणरावांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मंजुनाथला बोलावण्यात आलं.

"काल काढून वीज जोडून बघितला सर," मंजुनाथ म्हणाला. "फिरतोय. एकदम सरी आहे पंखा."

फिरणारच. मी तो इतका स्वच्छ केला होता.

वल्लरीने वहीतल्या आकृतीवर एक रेघ मारली. मग ती माझ्याकडे वळली. सत्यनारायणरावांकडे नाही, माझ्याकडे. "मग मला हे कळलेलंच नाही, सर. माझंच चुकलं असणार. तसं लिहा."

ती रडली असती, भांडली असती, तर मला चाललं असतं. पण तिचं उत्तर बरोबर होतं. संबंध कारखान्यात ते बरोबर आहे हे ठाऊक असलेला माणूस मी एकटा. आणि समोरचा पुरावा वेगळा निघाला म्हणून ती पोरगी शहाण्यासारखी आपलं उत्तर खोडत होती. चांगला इंजिनिअर हेच करतो. पुरावा मी बनवलेला होता. बावीस वर्षांत मी फायलींखाली पुष्कळ काही दडपलं असेल, पण कोणाचं बरोबर उत्तर त्याच्याच हाताने खोडायला लावलं नव्हतं. मला माझी शरम वाटली. अगदी कानापर्यंत.

"पंखा फिरत नव्हता," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" सत्यनारायणरावांनी विचारलं.

"त्यात माझी माळ अडकली होती. पूजेची. मी ती काढून फेकून दिली."

मंजुनाथ लगबगीने बाहेर गेला. सत्यनारायणरावांनी पेनला टोपण लावलं. "वल्लरी अम्मा, तू स्वल्प बाहेर बैस."

ती उठली आणि माझ्याकडे न बघता गेली.

"विद्याधरराव," दार लागल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "पूजेनं यंत्र जळालं असं सरकारी कागदावर लिहायचं? साडेआठशे यंत्रांची पूजा झालीय. उद्या युनियन दारात येऊन बसेल. पुढच्या वर्षी एकेका माळेला परवानगी मागायची आणि ती तुम्हीआम्ही द्यायची. कशाला? ड्रायव्हर लिहू या. ड्रायव्हर अमेरिकेचा. त्याला काय होतंय?"

"त्याला नाही. ती घरी जाईल."

"हुशार आहे, दुसरीकडे लागेल. बंगळुरात आता कॉम्प्युटरवाल्यांना नोकऱ्या कमी आहेत का? स्वल्प अॅडजस्ट करा."

मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा सांडला आणि टाइप केलेल्या प्रश्नावरून वाहत गेला. मी आयुष्यभर अॅडजस्टच केलं होतं, म्हणून कदाचित हात जरा जोरात आपटला गेला. मग कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'विभागप्रमुखाने विनापरवानगी पेटी उघडली व आत एक वस्तू राहू दिली. वस्तूमुळे पंखा थांबला व कार्ड जळाले. अपघातानंतर सदर वस्तू विभागप्रमुखानेच नाहीशी केली. ड्रायव्हरने कार्डाला त्याचे नेमून दिलेले काम दिले, याखेरीज त्याचा दोष नाही. काम देणाऱ्या कर्मचाऱ्याचाही नाही.'

सत्यनारायणरावांनी ते दोनदा वाचलं. "वस्तू म्हणजे काय, असं वरून विचारलं तर?"

"शेवंती."

"ते नका लिहू," ते म्हणाले आणि सही केली. पूजा हा शब्द कुठेही नाही, हे पाहून त्यांना फार हलकं वाटलं.

डिसेंबरातली बढती पंप-चाचणीच्या सुधींद्रला मिळाली. मल्लेश्वरमला घरी नीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण माळ आत घातलीत कशाला?"

वल्लरी कायम झाली. माझ्याशी ती कामापुरतं बोलत राहिली. ती एकदा तरी 'थँक यू सर' म्हणेल अशी मला आशा होती, हे कबूल करतो. मग माझ्या ध्यानात आलं की तीन दिवस मी गप्प बसलो होतो आणि त्या तीन दिवसांत ती रोज विभागात येऊन सगळ्यांच्या नजरा झेलत होती. आभार कशाचे मानायचे?

जानेवारीत नवं कार्ड आलं. वल्लरीने ते बसवलं आणि माझ्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. तिने तो स्वतः टाइप केला होता. पेटी कोणी उघडली, आत काय होतं, पंखा फिरताना कोणी पाहिला, ड्रायव्हर कोणता आणि कोणी टाकला. प्रत्येकापुढे सहीची जागा. पंख्यापुढे माझं नाव होतं.

"ऐकीव नको, सर," ती म्हणाली. "बघून सही करा."

मी विभागासमोर गुडघे टेकून, टॉर्च घेऊन टेबलाखालच्या उघड्या पेटीत डोकावलो. "फिरतोय," मी म्हटलं.

"पाच मिनिटं बघा."

पाच मिनिटं मी तिथेच बसलो. पंखा एकदाही अडला नाही. मी जमिनीवर बसूनच सही केली आणि कागद वर दिला. तिने तो फायलीला लावला, माझ्या हातून टॉर्च घेतला आणि खाली वाकून पंखा स्वतः पुन्हा बघितला. ते मला लागलं. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं. मग ती उठली आणि तिने नव्या ड्रायव्हरची सीडी आत सरकवली.