सकाळची चिठ्ठी

"पाळकसाहेब, चिठ्ठ्या काढताना तुम्ही लबाडी केलीत ना?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून सिग्नेनं चर्चच्या वर्गात सगळ्यांदेखत विचारलं. दृढीकरणाला, म्हणजे मोठं झाल्यावर चर्चमध्ये आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीला, सकाळची वेळ मिळाली की घरची मेजवानी दिवसभर रंगते, म्हणून वेळा चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. बोटमालक ब्रोरसनच्या घराला मात्र दरवेळी सकाळच! असल्या लबाड पाळकासमोर उभं राहून देवाला 'हो' म्हणायचं कसं, हे काही सिग्नेला पटत नव्हतं.

पाळक थोर्किल यांचे कान लाल झाले. "केली," ते म्हणाले. "ब्रोरसननं चर्चचं छप्पर घालून दिलं आणि मी मिंधा झालो."

रविवारी त्यांनी हेच सगळ्या गावासमोर सांगितलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. ब्रोरसनना दुपार मिळाली.

"बरं झालं, झोप तरी होईल!" त्यांची मुलगीच ओरडली. चर्चभर हशा पिकला. पाळकसाहेब तर डोळे पुसत हसत होते.

सिग्ने धावतच घरी आली.

"आई, बाबा, माझं ठरलं! मी दृढीकरण घेणार, आणि तेही थोर्किलसाहेबांच्याच हातून!"