तिसऱ्या कडव्यातली जागा

तीच किल्ली – ड्रमचं कातडं ताणायची, अंगठ्याएवढी, चिमटीत धरून धरून एका बाजूनं गुळगुळीत झालेली – आणि ती मागायला वेलंडनं, थोरल्या भावाचा, डेलमरचा, बँड आयता मिळालेल्या वेलंडनं, भर दुपारी उकडलेल्या शेंगा चघळत यावं, याचाच लोनीला संताप आला.

"लोन्या, त्या दुखऱ्या खांद्याचं ऐक जरा. आजपासून ड्रमवर रेनेला बसू दे. रेकॉर्डसारखं वाजवते, हुबेहूब."

हुबेहूब! पन्नास वर्षांत सहा बेसवाले झाले, चार गायक, डेलमर गेल्यावर गिटारवाले तर मोजायचेच सोडले... आणि आलेला प्रत्येक जण हुबेहूब. एक जण तर डेलमरसारखा खोकायचासुद्धा. या पीच फळाच्या जत्रेला लोक अजून येतात ते बँडच्या पहिल्या पाचांतला एक तरी बघायला मिळतो म्हणून, आणि तो एक मी आहे. मी उठलो की उरतं नुसतं फलकावरचं नाव. वेलंडला हे कळत नाही? चांगलं कळतं.

किल्ली खिशात घालून तो मंचावरून खाली उतरला, समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसला. रेने – टस्कलूसा गावची, चाळिशीची, चष्मेवाली – त्याचं स्टूल दोन बोटं वर करून बसली. वर केलंच शेवटी! गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं... आणि तिसऱ्यात तिनं तो ठोका सोडला. बरोबर तिथंच.

त्या सुटलेल्या ठोक्याचं काय कौतुक झालं! अमेरिकेच्या दक्षिणेचा श्वास म्हणे. कसला डोंबलाचा श्वास – मेकन गावच्या स्टुडिओत ऐन गाण्यात डेलमरनं माझ्याकडे बघून तोंड वेडावलं, मला हसू फुटलं, काठी निसटली... बस्स. परत वाजवायला टेप शिल्लक नव्हती, तसंच रेकॉर्डवर गेलं. तेव्हापासून आपलीच चूक मुद्दाम करत आलोय, प्रत्येक गावात, न चुकता, आणि ते तोंड कसं होतं हे मात्र कधीचंच विसरलोय.

"लोनीकाका," रेनेनं वरून विचारलं, "तुम्ही काय मनात धरता हो तिथं?"

"काही नाही," तो खेकसला. "मोज आणि सोड."

"मोजलंच की. पण कोरडं वाटतंय."

"अगं, झकास आहे," वेलंड म्हणाला. "चला, तिसऱ्यापासून."

पुन्हा कडवं आलं. लोनीचे हात मांडीवर, रिकामे, त्यांना सोडायला काही नव्हतंच – आणि ठोका सुटला तसा डेलमर दिसला. डोळे तिरळे, खालचा ओठ पुढे, हनुवटीवर घाम... सगळा. पुढच्या ठोक्याला गेलासुद्धा.

म्हणजे हे दिसायला उठावं लागतं होय! इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून मी मोजत काय बसलो होतो? तो आणखीच भडकला, कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं. खिशातली किल्ली मुठीत आली होती, बाहेर निघत नव्हती.

"परत!" तो ओरडला. "तिसऱ्यापासून!"

"चुकलं का काही?" रेनेनं घाबरून विचारलं.

"वाजव गं," तो म्हणाला, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसला.