चौथी साक्षीदार

कॉन्स्टेबल यल्लाप्पानं चहाचा रिकामा कप कोर्टाच्या जिन्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"चीफ म्हंजे काय, अक्का?"

"सरकारी वकील इचारत्यात ते."

"तिथं काय म्हणायचं?"

"व्हय म्हणायचं."

"आणि क्रॉस?"

"आरोपीचा वकील इचारतो. तिथं सगळ्याला खोटं म्हणायचं."

"सरी, बरोबर. शंभरात शंभर." यल्लाप्पा हसला. तो खानापूरकडचा, मराठी येणारा. म्हणून तर ठाण्यानं त्यालाच महानंदाबरोबर धाडलं होतं. "आत तुला नाव न्हाई. सरकार पक्षाची साक्षीदार नंबर चार. आन् आरोपी, तो बघ, निळ्या शर्टातला. वळखायचं."

महानंदानं दारातून पाहिलं. ज्याला दोन वर्षांपूर्वी चाकूसकट पकडताना तिनं पाहिलं होतं म्हणे, तो गिरीराज तिला आज पहिल्यांदाच दिसत होता.

"अण्णा, चुकलं तर?"

"कशाला चुकतंय? उद्या चहाची गाडी तिथंच लावायची हाय न्हवं, ठाण्याम्होरं?"

हे तो अगदी प्रेमानं म्हणाला. दरडावला असता तर बरं वाटलं असतं.

आत बोलावलं तेव्हा पिंजऱ्याची पायरी तिला दिसलीच नाही. कठडा धरला म्हणून पडली नाही. शपथ झाली. सरकारी वकिलानं विचारलं, तिनं होय म्हटलं. चाकू समोर जप्त केला? होय. आरोपीच्या खोलीतून? होय. हाच तो? तिनं बोट केलं. गिरीराजनं तिच्याकडं पाहिलं. राग नव्हता. ही बाई कोण, एवढंच त्या बिचाऱ्याच्या तोंडावर होतं.

मग महजर समोर आला. पंचनाम्याला इथं कर्नाटकात महजर म्हणतात. तीन पानं कन्नड. तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. खाली तिची मराठी सही, वाकडी. एका हातात किटली होती म्हणून वाकडी. ठाण्यात चहा द्यायला गेली होती आणि कोण तरी म्हणालं होतं, अक्का, हितं एक सही मार. तेव्हा त्या सहीच्या वर एक अक्षर नव्हतं.

"सही तुमचीच?"

"होय."

आरोपीचा वकील देवव्रत उठला. फुकट मदतीचा, सरकारनं दिलेला. सकाळपासूनचा चौथा खटला. त्यानं फाईलमधून मान वर काढली नाही.

"तुम्ही त्या खोलीवर गेलाच नव्हता."

"खोटं."

"सही कोऱ्या कागदावर घेतली."

"खोटं."

तिनं चमकून वकिलाकडं पाहिलं. याला कसं कळलं? याला काहीच कळलं नव्हतं. हा प्रत्येक पंचाला हेच विचारतो, प्रत्येक पंच खोटं म्हणतो, आणि माणसं वर्षानुवर्षं आत सडतात. असा तो कारखाना चालतो.

"पोलिसांच्या भीतीनं तुम्ही खोटी साक्ष देताय," असं म्हणत तो खाली बसायलासुद्धा लागला.

महानंदानं तोंड उघडलं. शब्द अजून जिभेवर होता आणि मॅडमच्या खाली बसलेल्या टायपिस्ट पोरीची बोटं चालू झाली. कडकडकड. ओळ संपली, पोरगी थांबली, नखं बघू लागली.

महानंदा त्या बोटांकडं बघत राहिली.

"बाई, उत्तर?" न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

"त्यांनी लिवलं की आधीच."

"तुमचं उत्तर सांगा."

"खरं हाय."

देवव्रत अर्धा बसलेला तसाच राहिला.

"काय खरं?"

"भ्या वाटतंय ते. मी खोलीवर गेले न्हवते, मॅडम. चहा द्यायला ठाण्यात गेलते. कागद कोरा हुता."

सरकारी वकील उभा राहिला. साक्षीदार फितूर, उलटतपासणीची परवानगी द्या. मग तो तिच्यावर तुटून पडला. किती घेतलेस, कुणी शिकवलं, खोट्या साक्षीला तुरुंग असतो ठाऊक आहे का. ती होय, नाही, ठाऊक नाही म्हणत गेली. दारात यल्लाप्पा उभा होता. हसत नव्हता.

टायपिस्ट एक कळ दाबून धरून आधीची ओळ मागं मागं पुसत होती.

शेवटी छापलेली पानं क्लार्कनं कठड्यावर ठेवली आणि पेन पुढं केलं.

"सही कर, अक्का. लंच झाला."

तिनं पेन घेतलं. टोपण काढू लागली. मग तिनं काढायचंच सोडलं.

"आधी वाचून दावा."

"अगं, तूच सांगितलंस ते."

"व्हय. पर वाचा."

क्लार्कनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. तो वैतागून वाचू लागला, आणि महानंदा कठडा धरून एकेक ओळ ऐकत उभी राहिली. दाराकडं मात्र तिनं एकदाही बघितलं नाही.